आमची वाटचाल : दोन केस टाइम्सच्या

आर्वीत बाबांनी पायानं चालणारं ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र टाकलं, तेव्हा मराठीचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, शेकडो कप्प्यांत मांडलेले आणि इंग्रजीला फक्त दोन केस, म्हणजे कप्प्यांचे ट्रे. वरच्या केसात कॅपिटल, खालच्यात स्मॉल. अपर केस, लोअर केस ही नावं तिथूनच आली, हे मला खिळे जुळवायला शिकताना बाबांनी सांगितलं. त्या दोन्ही केस टाइम्स या इंग्रजी टाइपच्या, म्हणजे अक्षरवळणाच्या होत्या, नागपुरातल्या एका बंद पडत्या छापखान्यातून किलोवर घेतलेल्या.

पोट भरायचं ते जिनिंगच्या पट्ट्यांवर (कापसाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), पावती पुस्तकांवर, लग्नपत्रिकांवर. टाइम्सचं मोल कळलं ते शाळेच्या प्रश्नपत्रिकांत. कागद वाचवायचा म्हणून सगळा पेपर एकाच पानात बसवायचा असे, आणि हा टाइप बसवून द्यायचा. तो घडलाच दाटीवाटीसाठी. लंडनच्या 'द टाइम्स' दैनिकाकरता स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी ही अक्षरं रेखाटली आणि ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून ते दैनिक त्यांत छापलं जाऊ लागलं. अंग अरुंद, पण स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या मानानं उंच, म्हणून बारीक पॉइंटात, म्हणजे लहान आकारातही डोळा अडखळत नाही. उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, टोकाला धारदार सेरिफ, म्हणजे छोटी शेपटं.

त्या बारीक रेघेनंच एकदा आमचा घात केला. झिजलेल्या खिळ्यात स्मॉल 'ई'ची आडवी रेघ उठलीच नाही, छापून आला 'सी'. अख्खं बंडल परत आलं. बाबांनी रात्रभर उभं राहून पुन्हा छापलं, पैसे मागितले नाहीत.

पुढे कॉम्प्युटर आला, ऑफसेट आलं. विंडोजबरोबर हाच टाइप टाइम्स न्यू रोमन या नावानं आपसूक मिळाला. २००७ साली वर्डनं कॅलिब्री हा फॉन्ट पुढे केला, तरी कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात ती टाइम्स, १२ पॉइंट अशीच. लांब मजकुराला मीही तोच लावतो. कृषी केंद्राच्या बिलबुकावरच्या बारीक अटींना मात्र नाही. फिकट शाईत त्याच्या रेघा उडतात.

खरी कसरत पत्रिकेत. मराठी ओळीत नवरदेवाची डिग्री इंग्रजीत हवी असते. दोन्ही एकाच पॉइंटात ठेवले की गिऱ्हाईक लगेच म्हणते, "भाऊ, पोराच्या नावापेक्षा डिगरीच मोठी दिसून राह्यली." बरोबरच आहे त्याचं. मराठीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे मधलं अक्षर लहान पडतं. मराठी १६ असेल तर टाइम्स १३ वर आणतो, मग ओळ एकसारखी दिसते.

ट्रेडल आता नंबरिंग आणि परफोरेशनपुरतं, म्हणजे पावतीवर नंबर टाकायला आणि फाडायची भोकं पाडायला चालतं. टाइम्सच्या केस तशाच जपल्यात. नवा पोरगा कामावर आला की त्यातला तो झिजलेला 'ई' त्याच्या तळहातावर ठेवतो, आणि मगच पहिलं प्रूफ वाचायला देतो.