सदर गाव

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे हिंडलग्याच्या तुरुंगात माझं अधूनमधून जाणं असतं. एका मे महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका कैद्यानं घडी घातलेला कागद पुढं केला. पॅरोल नाकारल्याचं पत्र, कन्नडमधलं. "वकीलसाहेब, काय लिवलंय ते मराठीत सांगा की."

बांधाच्या भांडणात चुलतभावाचा खून. जन्मठेप, अकरा वर्षं झालेली. आत राहून दहावी केली, विणकामात हात बसला, वर्तनाबद्दल तुरुंगाचा शेराही चांगला. आई अंथरुणाला खिळलेली म्हणून तीस दिवस मागितले होते. नकाराला कारण एकच: पोलीस अहवाल. 'गावकऱ्यांचा तीव्र विरोध, शांतताभंगाची शक्यता.'

अहवालाची प्रत काढली. ठाण्याचं नाव घेत नाही. पहिल्या परिच्छेदात सगळं बरोबर. दुसऱ्यात 'सदर गाव' म्हणून निपाणीकडच्या एका गावाचं नाव! जुन्या फाईलमधला मजकूर तसाच उचललेला. आधी हसू आलं, मग चहासुद्धा गोड लागेना.

गावात जायचं ठरवलं. उद्या दबाव टाकला म्हणतील, म्हणून पंचायतीचे दोन सदस्य बरोबर घेतले. मयताची बायको परड्यात शेणी रचत होती. तिनं हात धुतले नाहीत, बसाही म्हणाली नाही.

"अकरा वर्षांत मला कुणी इचारायला आलं नाही," ती म्हणाली. "आज तुम्ही आलाय, ते पण त्याच्याकडनं."

यावर मला काही बोलता आलं नाही. पोलिसांना नावं ठेवत होतो, पण तिच्यापर्यंत पोचायला मलाही कैद्याचं काम लागलं होतं.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "म्हातारीला बघू दे त्याला. तिला जेवाण मीच नेऊन देतो. पण माझ्या दारावरनं जायचं नाही म्हणावं."

प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये टाइप केलं, तिला मराठीत दोनदा वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला. उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ 2013 मध्ये कायम झालं, त्यामुळे बेंगळूरची रात्रभराची गाडी तरी आता चुकते. केवळ गुन्हा गंभीर आहे एवढ्यावर पॅरोल नाकारता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा अश्फाक निकाल जोडला होताच. पण सुनावणीत खरं काम केलं ते निपाणीकडच्या त्या गावानं. सरकारी वकिलांनी अहवाल पुन्हा वाचला आणि खाली ठेवला.

तीस दिवस मिळाले. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी. आणि तिच्या दारावरनं न जाण्याची अट आम्हीच मागून घातली.

तो घरी पोचला तेव्हा रोपलावणीचा पाऊस लागला होता. गल्ली एकच, ती तिच्या दारावरनं. दुसरी वाट शेतातनं. पिशवी डोक्यावर धरून तो निघाला, पंचायतीचा सदस्य मागं. तोच बांध होता. सदस्य सांगत होता, मधे आल्यावर त्यानं चपला काढून हातात घेतल्या.