गावाचे नाव एक, गावकऱ्यांचे दुसरेच

इटालियन शिकू लागल्यावर माझ्या वहीत पहिली लाल रेघ उमटली ती ‘रेज्जानो’ या शब्दाखाली. रेज्जो कालाब्रियाच्या माणसासाठी मी तो वापरला होता. पण रेज्जानो म्हणजे उत्तरेकडील रेज्जो एमिलियाचा रहिवासी, आणि इटलीच्या बुटाच्या टोकाशी वसलेल्या रेज्जो कालाब्रियाचा तो ‘रेज्जीनो’. ‘पार्मिजानो रेज्जानो’ या चीजच्या नावात उत्तरेचाच रेज्जानो आहे, तेव्हा ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती.

मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की बहुधा काम भागते. इटालियनमध्ये असा भरवशाचा प्रत्यय नाही. व्हेनेतो प्रांतात एकाच रेल्वेमार्गावर ओळीने येणारी तीन शहरे घेतली, तरी वेरोनाचा माणूस ‘वेरोनेझे’, विचेन्त्साचा ‘विचेन्तीनो’ आणि पादोवाचा ‘पादोवानो’. हे पाठच करावे लागते.

त्याहून मौज वाटते ती शहराच्या आजच्या नावाशी उघड नाते न सांगणाऱ्या शब्दांची. इव्रेआचा रहिवासी ‘एपोरेदिएझे’ म्हणवतो, कारण रोमन काळात त्या शहराचे नाव एपोरेदिया होते. बोलणाऱ्यांच्या तोंडी शहराचे नाव शतकानुशतके झिजत गेले. रहिवाशांसाठीचा शब्द मात्र जुन्या लॅटिन नावावरून घेतलेला असल्यामुळे त्याला ती झीज लागलीच नाही. गुब्बिओचा ‘एउगुबीनो’ याच जातीचा. कीएतीचे प्राचीन नाव तेआते, म्हणून तेथील माणूस ‘तेआतीनो’. आणि 1524 मध्ये स्थापन झालेल्या एका ख्रिस्ती धर्मसंघालाही हेच नाव मिळाले, कारण त्याच्या संस्थापकांपैकी जान पिएत्रो काराफा (जे 1555 मध्ये चौथे पॉल या नावाने पोप झाले) हे कीएतीचे बिशप होते.

काही शहरांना असे दोन्ही शब्द लाभले आहेत. नेपल्सचा, म्हणजे नापोलीचा, माणूस व्यवहारात ‘नापोलेतानो’ असतो. पण पार्थेनोपे या सायरनच्या (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीक पुराणकथेतील स्त्रीच्या) दंतकथेवरून, तिचेच नाव धारण करणाऱ्या तेथील प्राचीन वसाहतीवरून, ‘पार्तेनोपेओ’ हा शब्दही आला आहे. तो भारदस्त असल्याने काव्यातच शोभेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तो सर्वांत जास्त भेटतो फुटबॉलच्या बातम्यांत, कारण एकाच परिच्छेदात नापोली संघाचे नाव तिसऱ्यांदा लिहिण्याचा वार्ताहरांना कंटाळा येतो.