पडद्याचे सोळा चौकोन, तीनतालाच्या सोळा मात्रा

गेमवरून पोस्टर करायचं म्हटलं की पिक्सेल फॉन्ट, निऑन गुलाबी आणि काळी पार्श्वभूमी एवढ्यावर काम उरकलं जातं. जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्यांमागची शिस्त उचलली तर हाती बरंच जास्त लागतं.

निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल १९८३ साली जपानमध्ये आला. त्याचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं. पार्श्वभूमीसाठी चार पॅलेट म्हणजे रंगसंच, प्रत्येकात तीन रंग आणि सगळ्यांत सामाईक असा एक, म्हणजे एकूण तेरा. त्यातही अट अशी की १६ बाय १६ पिक्सेलच्या एका चौकोनात एकच पॅलेट चालणार. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला ढग आणि झुडूप नीट बघा. आकार तोच आहे, फक्त पॅलेट बदललंय. अख्खा गेम ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवायचा होता.

आता २५६ ला १६ ने भागा. आडवे सोळा चौकोन मिळतात. तबल्यावरच्या तीनतालाच्या मात्राही सोळा, चार-चारच्या चार विभागांत. हा निव्वळ योगायोग, पण फार कामाचा. नुसती ग्रिड जागा मोजून देते. ताल कुठे वजन द्यायचं आणि कुठे ते काढून घ्यायचं, हेही सांगतो.

एसप्राइट किंवा फोटोशॉपमध्ये २५६ बाय २४० चा कॅनव्हास घ्या, इंडेक्स्ड कलर मोड (ठरवलेलेच रंग वापरू देणारा) लावा आणि १६ पिक्सेलची ग्रिड चालू करा. पहिला चौकोन ही सम, म्हणजे तालाची पहिली, वजनदार मात्रा; मुख्य आकार तिथून उचला. 'खाली', म्हणजे तालातली वजन काढून घेतलेली जागा, नवव्या मात्रेवर येते, पण ठेका म्हणून बघा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा अजून 'धा'च आहे. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा दहाव्या मात्रेला थांबतो, तेराव्यापर्यंत गप्प राहतो आणि चौदाव्याला परततो. चित्रातली मोकळी जागाही तशीच ठेवा: आकार नवव्या चौकोनात थोडा शिरू द्या, दहा ते तेरा फक्त सामाईक रंगात सोडा, चौदाव्यापासून पुन्हा भरा. मोकळी जागा विभागाच्या रेघेवर बरोब्बर कापली की पोस्टर चार खणांचं कपाट वाटू लागतं.

विषम तोल हवा असेल तर निन्टेंडोचाच हातात धरायचा गेम बॉय घ्या. त्याची रुंदी १६० पिक्सेल, म्हणजे दहा चौकोन. दहा मात्रांचा झपताल चपखल बसतो: दोन-तीन-दोन-तीन, 'खाली' सहाव्या मात्रेवर, म्हणजे पडद्याच्या मध्यापासून. आणि करड्याच्या फक्त चार छटा. मजकुराच्या पोस्टरला मला हाच जास्त आवडतो.

फॅमिकॉमच्या आवाजातही शिकण्यासारखं आहे. सुरांसाठी दोन पल्स आणि एक त्रिकोणी लहर, शिवाय नॉइज आणि सॅम्पलचा एकेक चॅनल. एवढ्यात अख्खी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, वाजवणं महाग पडायचं, म्हणून एकाच चॅनलवर तिचे स्वर झरझर एकामागून एक वाजवायचे आणि कान ते जोडून घ्यायचा. चित्रात हेच काम डिदरिंग करतं. दोन रंगांचे पिक्सेल बुद्धिबळाच्या पटासारखे मांडले की लांबून तिसरा रंग दिसतो. तेरा रंग पुरत नाहीत असं वाटलं की चौदावा घेण्याआधी हे करून बघा.

छपाईत मात्र घोळ होतात. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) २५६ पिक्सेल म्हणजे जेमतेम २१.७ मिलिमीटर. मोठं करताना नेहमी पूर्णांकाच्या पटीत आणि 'निअरेस्ट नेबर' (कडा न मिसळता पिक्सेल जसेच्या तसे मोठे करणारा पर्याय) निवडूनच करा. अडीच पट केलं तर काही पिक्सेल दोनचे होतात, काही तीनचे, आणि सरळ रेघ दातेरी दिसते. बारा पट केलं की ३०७२ बाय २८८० होतं, म्हणजे सुमारे २६० बाय २४४ मिलिमीटर. उभ्या ए-थ्रीवर दोन्ही बाजूंना साधारण १८ मिलिमीटर समास उरतो आणि मूळचा एक पिक्सेल एक मिलिमीटरचा होतो. पीडीएफ करताना डाउनसॅम्पलिंग (पिक्सेल कमी करणं) आणि जेपेग कॉम्प्रेशन बंद ठेवा, नाहीतर कडा धुरकटतात. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मरतात, तेव्हा तेरा रंग सुरुवातीलाच छापील शेडकार्डवरून निवडा.

शेवटी अक्षरं. रोमन लिपी पिक्सेलच्या आठ ओळींत मावते, देवनागरी मावत नाही. वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये शिरोरेषा असं धरलं तर अक्षराला तीन-चार ओळीच उरतात. सोळा ओळी घ्या: वर चार, शिरोरेषेला एक, अक्षराला आठ, खाली तीन. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत गल्लत होऊ नये म्हणून 'ध' आणि 'भ' वरची शिरोरेषा एक-दोन पिक्सेल तोडावीच लागते. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, सगळीच शिरोरेषा तुटते आणि ही मुद्दाम ठेवलेली फट ओळखू येत नाही. बारा पटीत अशी मजकुराची ओळ साधारण १६ मिलिमीटर उंच होते, म्हणून ती फक्त मथळ्याला वापरा. तारीख, वेळ आणि पत्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त'सारख्या साध्या फॉन्टमध्ये, शंभर टक्के काळ्या शाईत.