परळ ते खारघर: टाटा हॉस्पिटलची वारी आणि खर्चाचं कसं जमवायचं

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन टाटाला, म्हणजे परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन आलो. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, पहाटे दादर, तिथून टॅक्सीने परळ. पेशंट दमलेला असेल तर लोकलच्या नादी लागू नका, आणि लागलंच तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटलाही बसता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पैशाचं आधी सांगतो, कारण गावाकडे सगळे तेच विचारतात. लोकांना वाटतं टाटा म्हणजे टाटा कंपनीचं हॉस्पिटल. १९४१ ला सर दोराबजी टाटा ट्रस्टने ते उभारलं हे खरं, पण १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, म्हणजे बराचसा गाडा सरकारी अनुदानावर चालतो. वरून मोठे देणगीदार आहेत, आयसीआयसीआय बँकेने २०२३ मध्ये १२०० कोटी जाहीर केले, त्यातून नवी मुंबई, पंजाबातलं मुल्लांपूर आणि विशाखापट्टणमला नव्या इमारती. पण तुमच्या पेशंटच्या बिलाला हातभार लागतो तो योजना, मदतनिधी आणि ट्रस्टकडून, आणि तो आपोआप येत नाही, मागावा लागतो.

म्हणून केसपेपर झाला की लगेच मेडिकल सोशल वर्करना भेटा. आमच्या पुढे जालन्याकडचे एक काका होते, पिशवीत सगळे कागद चुरगळून कोंबलेले, त्या मॅडमनी ते टेबलावर पसरले, तारखेप्रमाणे लावले, आणि मग शांतपणे विचारलं की घरात कमावतं कोण, जमीन किती, रेशनकार्ड कोणतं. काका आधी लाजत होते, मग सगळं बोलले. लाजू नका खरंच, त्यांना खरी परिस्थिती कळली तरच पुढची दारं उघडतात.

महात्मा फुले योजनेला रेशनकार्ड आणि आधार लागतं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान मदतनिधीला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला जोडायचा, पैसे थेट हॉस्पिटलला जातात, तेव्हा अर्ज उपचार सुरू व्हायच्या आधी करा, आधी स्वतः भरून मग परत मिळतील या भरवशावर राहू नका. तहसीलचा दाखला गावाहूनच काढून आणा, मुंबईत बसून तो मिळवणं फार जिवावर येतं.

बायोप्सी बाहेर झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, मूळ स्लाइड (तपासलेल्या तुकड्याची काच) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तो तुकडा) मागतात, ते त्या लॅबकडून आधीच घ्या. जनरल की प्रायव्हेट हे नोंदणीच्या वेळीच सांगायचं, जनरलमध्ये दर खूप कमी. पैसे हॉस्पिटलच्या स्मार्ट कार्डात भरायचे आणि तपासण्या, औषधं त्यातूनच कापली जातात, कार्ड एकाच माणसाकडे ठेवा.

मग खारघरला ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच तिथल्या कॅन्सर केंद्रात जायचं होतं. परळची गर्दी बघून तिथं गेलं की मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं, झाडं, रुंद रस्ते, डोंगर. २०२३ पासून तिथं प्रोटॉन थेरपी सुरू आहे. साध्या रेडिएशनचे किरण गाठीच्या पलीकडेही जातात, प्रोटॉन गाठीपाशी थांबतात, त्यामुळे शेजारचे अवयव वाचतात, वाढत्या वयाच्या मुलांना तर त्याचा फार उपयोग. एवढं महागडं यंत्र सरकारी पैशातून उभं राहिलं आणि गरिबाच्या पोरालाही तिथं झोपवतात, हे बघून मला मनापासून बरं वाटलं. मावशीला त्याची गरज नाही म्हणाले, तिचं नेहमीचं रेडिएशनच चालेल. जायला हार्बर लाईनने खारघर स्टेशन, पुढे रिक्षा.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा स्वस्त आहे, हॉस्पिटलची चिठ्ठी न्यायला विसरू नका, पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं विचारा, तिथं आईबापासकट फुकट ठेवतात. जागा लगेच मिळेलच असं नाही, म्हणून पहिल्या एकदोन रात्रींची सोय एखाद्या नातेवाइकाकडे करून ठेवा.

परतीच्या आधी रेल्वे सवलतीच्या फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट, तिकीट मात्र स्टेशनच्या खिडकीवरूनच काढायचं.