दिवा गेला की आधी बल्बला हात लावत नाही

काल रात्री ट्रेलरचा उजवा इंडिकेटर लावला, तर शेजारचा टेललाइटही त्याच्यासोबत मिणमिणायला लागला. नवखा असतो तर दोन बल्ब बदलून बसलो असतो. पण एक दिवा लावल्यावर दुसराच मंद पेटतो, तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग गेलेलं असतं. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या फिलामेंटमधून घुसतो.

गाडी रस्त्यापासून लांब घेतली, चाकाला अडण लावली, टॉर्च दातात धरला. (डोक्याला लावायचा घ्यायचा असं दर वेळी ठरवतो.) दिव्यामागची अर्थची वायर चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंजाचा पापुद्रा धरला होता. बोल्ट सैल केला, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, परत आवळला. दिवा टकटक सुरू!

सगळे दिवे एकदम गेले तर मी आधी गाडीतून ट्रेलरच्या दिव्यांना करंट नेणारा 7 पिनचा प्लग काढून बघतो. पिनांवर हिरवट थर दिसला की समजायचं, पाणी शिरलंय.

फ्यूज मात्र होता तेवढ्याच अँपिअरचा. एकाने 10 च्या जागी 30 चा घातलेला मी पाहिलाय. फ्यूज शाबूत राहिला, वायरिंग वितळलं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट झालेली असते. ती दोन मिनिटांत सापडली तर ठीक, नाहीतर मी सरळ वायरमनला फोन लावतो.