पोटाची बदनामी

सुट्टीच्या दिवशी नाश्ता उशिरा आणि दणदणीत झालेला असतो, तरी एक वाजला की पोटात कावळे ओरडायला लागतात. इतके वक्तशीर कावळे पोटाने पाळले असतील, हे मला पटत नाही.

पण संशय पहिल्यापासून पोटावरच. 1912 मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांच्या सहकाऱ्याने, वॉशबर्नने, विज्ञानासाठी चक्क फुगा गिळला. जठर आवळलं की फुग्यावर दाब यायचा, आणि नेमकी तेव्हाच त्याला भूक जाणवायची. झालं, आरोप सिद्ध! पुढे जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते असं दिसलं, तेव्हा कुठे खटला मेंदूकडे वळला. 1951 मध्ये बाल कृष्ण आनंद आणि ब्रोबेक या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाचा, एक छोटासा तुकडा दोन्ही बाजूंनी निकामी केला. उंदरांनी खाणंच सोडलं.

पोट निरोप धाडतं, एवढं खरं. घ्रेलिन हे त्याचं भूक जागवणारं संप्रेरक. ते रोजच्या जेवणाच्या वेळेआधीच वाढू लागतं. एकच्या ठोक्याचं रहस्य बहुधा इथेच आहे. चरबीकडून लेप्टिन येतं, 'कोठार भरलंय' असं सांगायला. वजन उतरलं की लेप्टिनही उतरतं, आणि आपण कौतुकाने आरशात बघत असताना मेंदू मात्र दुष्काळ जाहीर करून भूक वाढवतो. मला तर यात त्याचा धूर्तपणा कमी आणि घाबरटपणाच जास्त दिसतो.

त्याहून गंमत म्हणजे, भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं तरी त्याच्या मेंदूतल्या भूक चेतवणाऱ्या पेशी काही क्षणांत शांत होऊ लागतात. घास अजून तोंडातही गेलेला नसतो! म्हणजे हा हिशेब आलेल्या मालाचा नाही, येऊ घातलेल्या मालाचा.

या हिशेबात आठवणीचाही वाटा असतो. स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांवरचा एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं जेवण उरकल्यावर 10 ते 30 मिनिटांनी पुन्हा ताट पुढे ठेवलं, तर ते पुन्हा जेवले. पोट भरलेलंच होतं, पण जेवल्याचं आठवत कुणाला होतं? स्मृती शाबूत असलेल्यांचंही फार वेगळं नाही. टीव्ही बघत दुपारी जेवलेल्यांनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली, असं एका प्रयोगात दिसलं. मोबाइल समोर धरून जेवणारे आपण संध्याकाळी डबे उघडत फिरतो, आणि नाव मात्र पोटाचं घेतो.