शिकागोत राहायला भीती वाटत नाही का?

मुलाला किंवा मुलीला शिकागोतल्या एखाद्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की पुण्याहून, नाशिकहून, कधी साताऱ्याहून ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. फी, घरभाडे आणि थंडीचे कपडे यांविषयी बोलून झाले की आई किंवा वडील, बहुधा आईच, आवाज थोडा खाली आणून विचारते, "ताई, तिकडे गोळीबार फार होतात म्हणे. तुम्हाला भीती नाही वाटत?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले. फोनवर "नाही हो, काही काळजी करू नका" एवढेच सांगता येते. ते खोटे नसते, पण अपुरे असते.

भीती वाटत नाही, हे खरे आहे, आणि ते केवळ माझ्यापुरते खरे नाही. येथे नव्याने आलेले बहुतेक मराठी विद्यार्थी आणि नोकरदार पहिल्या काही महिन्यांत हेच सांगतात. मिशिगन सरोवराच्या काठाने सुमारे 29 किलोमीटरचा मोकळा रस्ता आहे. उन्हाळ्यात तेथे पहाटेपासून अंधार पडेपर्यंत धावणारी, सायकली चालवणारी, बाबागाड्या ढकलणारी माणसे असतात. डाउनटाउनमध्ये, ज्याला येथे 'लूप' म्हणतात, कार्यालये सुटल्यावर स्त्रिया एकट्या 'एल'ने, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या लोकल गाडीने, निवांत घरी जातात. आपल्याकडच्या बसमध्ये आणि बाजारात अंग चोरून, पर्स पोटाशी धरून वावरण्याची जी सवय आम्हा बायकांच्या हाडीमासी खिळलेली असते, ती येथे हळूहळू सैल पडते. अनेक मुलींनी मला हे आपण होऊन सांगितले आहे. ही सुटकेची भावना खोटी आहे असे मी कधीही म्हणणार नाही.

मग या शहराची कीर्ती अशी का? जुन्या पिढीला शिकागो म्हटले की त्या काळच्या गुंडटोळीचा म्होरक्या अल कपोन आठवतो. 14 फेब्रुवारी 1929 रोजी नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीपाशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्या एका सकाळीने शहराच्या नावावर जो डाग पडला तो पुसलाच गेला नाही. ते गॅरेज आता नाही. तो परिसर, लिंकन पार्क, आज शहरातल्या सर्वांत सधन आणि निर्धास्त वस्त्यांपैकी एक आहे. कपोनच्या गोष्टी आता पर्यटकांच्या बसमध्ये सांगितल्या जातात. आजच्या बातम्यांमधले आकडे मात्र वेगळे आहेत आणि ते गंभीरच आहेत. 1974 मध्ये या शहरात 970 खून झाले, 1992 मध्ये नऊशेच्या वर. पुढे संख्या बरीच खाली आली, 2016 मध्ये पुन्हा साडेसातशेच्या पुढे गेली, 2021 मध्ये आठशेच्या आसपास पोहोचली आणि 2024 मध्ये सहाशेच्या खाली उतरली. लोकसंख्या सुमारे 27 लाख आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर सेंट लुइस, न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस यांसारख्या शहरांची स्थिती याहून वाईट आहे, असा बचाव शिकागोप्रेमी नेहमी करतात. तो बरोबर आहे. पण ज्या घरातला मुलगा गेला त्या घराला दुसऱ्या शहराच्या आकड्याने काय दिलासा मिळणार?

माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की एवढे खून होणाऱ्या शहरात आम्हाला भीती का वाटत नाही. याचे उत्तर समजून घ्यायचे असेल तर 'एल'च्या ग्रीन लाइन या मार्गाच्या गाडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे. मी पाहुण्यांना आवर्जून नेते. पश्चिमेला गाडी ओक पार्कमधून निघते. मोठमोठी झाडे, फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेली घरे, शनिवारी सकाळी पुस्तकांच्या दुकानात रेंगाळणारी कुटुंबे. ऑस्टिन नावाचा रस्ता ओलांडला की उपनगर संपते आणि शहराचा ऑस्टिन हा भाग सुरू होतो. काही मिनिटांतच खिडकीतून दारांवर फळ्या ठोकलेली ओस घरे दिसू लागतात, घरांच्या रांगेत मधूनच मोकळे गवताळ प्लॉट येतात, आणि किराणा मालाचे मोठे दुकान शोधूनही सापडत नाही. त्यानंतर गारफिल्ड पार्क. मग एकाएकी काचेचे मनोरे उभे राहतात, लूप आला. गाडी दक्षिणेकडे वळते आणि इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आवारात एका इमारतीवर बसवलेल्या पोलादी नळीतून जाते. आपली कितीतरी मुले याच स्थानकावर उतरतात. जी गाडी त्यांना येथे सोडते तीच पुढे वॉशिंग्टन पार्कवरून एंगलवूडला जाते. 1960 मध्ये एंगलवूडमध्ये 97 हजारांहून अधिक माणसे राहत होती. 2020 च्या जनगणनेत ती सुमारे 24 हजार उरली.

शहराचे एकूण 77 भाग मानले जातात. खून आणि गोळीबार यांचा फार मोठा वाटा त्यांतल्या थोड्याच भागांमध्ये, दक्षिणेला आणि पश्चिमेला, होतो. आणि तेथेही सर्वत्र नव्हे, तर काही ठरावीक गल्ल्यांमध्ये, एकमेकांना ओळखणाऱ्या तरुणांच्या वैरातून पुष्कळदा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 2019 मध्ये दाखवले की सरोवराकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये अपेक्षित आयुर्मान 90 वर्षे आहे आणि एंगलवूडमध्ये 60. एकाच महापालिकेत, एकाच महापौराच्या हाताखाली, तीस वर्षांचे अंतर. हे अंतर केवळ बंदुकीने पडलेले नाही. दवाखाना, अन्न, काम, घर या सगळ्यांनी मिळून ते पडले आहे.

हे आपोआप घडले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून 1970 पर्यंत दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे पाच लाख कृष्णवर्णीय माणसे या शहरात आली. तीही नवागतच होती. कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत काम मिळेल आणि तिकडच्या जाचातून सुटका होईल या आशेने आलेली. त्यांना राहण्यासाठी दक्षिणेची एक चिंचोळी पट्टी मिळाली, कारण इतर वस्त्यांतील घरे कृष्णवर्णीयांना विकायची किंवा भाड्याने द्यायची नाहीत अशा अटी खरेदीखतांमध्येच लिहिलेल्या असत. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटींची अंमलबजावणी थांबवली. तोवर सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराचे नकाशे रंगवले होते आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवून तेथे कर्ज देणे धोक्याचे असल्याचे ठरवून टाकले होते. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग नॉर्थ लॉनडेलमध्ये भाड्याच्या घरात येऊन राहिले. घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन ते मार्केट पार्क (Marquette Park) या गोऱ्यांच्या वस्तीत गेले, तेव्हा जमावाने भिरकावलेला दगड त्यांच्या डोक्याला लागला. पुढे 1971 मध्ये युनियन स्टॉकयार्ड्स हा कत्तलखान्यांचा प्रचंड परिसर बंद झाला, 1980 मध्ये विस्कॉन्सिन स्टील आणि 1992 मध्ये साउथ वर्क्स हे पोलाद कारखाने. 2013 मध्ये महापालिकेने एकाच वर्षी सुमारे पन्नास शाळा बंद केल्या, त्याही मुख्यतः याच भागांतल्या. 1982 च्या संपानंतर गिरणगावात काय झाले, आणि त्या चाळींमधली काही मुले कोणाच्या पदरी गेली, हे ज्यांनी पाहिले किंवा घरात ऐकले आहे, त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा आम्हाला जी सुरक्षितता जाणवते ती आमच्या सावधपणाची कमाई नाही. ती आम्हाला नकाशाने दिलेली आहे. शिक्षण किंवा नोकरी घेऊन येणारा मराठी माणूस लूपमध्ये, उत्तरेकडच्या लेकव्ह्यूसारख्या वस्तीत, किंवा थेट नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरात उतरतो. उपनगरांतले आपले लोक फार जुने आहेत; शिकागोचे महाराष्ट्र मंडळ 1969 चे आहे. पण तेथील गप्पांमध्ये दोन गोष्टी हमखास ऐकू येतात आणि दोन्हींचा मला त्रास होतो. एक, "हे सगळे टीव्हीवाल्यांनी वाढवून ठेवलेले आहे, इथे काही होत नाही." दुसरी, नव्या विद्यार्थ्याला दिलेला सल्ला, "पस्तिसाव्या रस्त्याच्या खाली पाऊलसुद्धा टाकू नकोस." पहिले बोलणे मेलेल्यांना नाकारते आणि दुसरे तेथे जिवंत असलेल्यांना. पस्तिसाव्या रस्त्याच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, लाखो माणसे राहतात. सकाळी मुलांना शाळेत सोडतात, रविवारी चर्चमध्ये जातात, अंगणात शेगडी पेटवून शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात. शाळेच्या वाटेवर ठळक रंगाचे जाकीट घालून कोपऱ्याकोपऱ्यावर उभी राहणारी माणसे मी पाहिली आहेत. मुलांना घरापासून शाळेपर्यंत सुखरूप जाता यावे यासाठीची ही योजना आहे आणि उभे राहणारे पुष्कळदा त्याच वस्तीतले आजी-आजोबा, काका, मावश्या असतात. उणे पंधराच्या थंडीतही ते उभे असतात. या शहरात सुरक्षिततेसाठी कोण झटते, असे मला विचारले तर मी आधी त्यांचे नाव घेईन.

आणि नवागत म्हणजे सगळे एकाच परिस्थितीत आलेले नसतात, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट 2022 पासून टेक्सासहून बसगाड्या भरभरून व्हेनेझुएला आणि इतर देशांतील कुटुंबे येथे पाठवली गेली. निवारे अपुरे पडले तेव्हा लहान मुले घेऊन ती पोलीस ठाण्यांच्या दर्शनी खोल्यांत फरशीवर झोपली. पुढे त्यांना जे निवारे मिळाले त्यांतला एक दक्षिणेकडील वुडलॉनमधल्या बंद पडलेल्या शाळेत होता. त्यांचे शिकागो आणि माझे शिकागो एक नव्हे.

आपल्या विद्यार्थ्यांचेही तसेच आहे. जानेवारी 2023 मध्ये आंध्र प्रदेशातून आलेला एक तरुण येऊन थोडेच दिवस झाले असताना पार्किंगच्या जागेत लुटारूंच्या गोळीने मारला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये तेलंगणाच्या एका विद्यार्थ्याचा पेट्रोल पंपावर गोळी लागून मृत्यू झाला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये शिकागो विद्यापीठातून नुकताच पदवी घेतलेला चिनी तरुण विद्यापीठाजवळ, हाइड पार्कमध्ये, भर दुपारी मारला गेला, आणि त्या विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस दल आहे, कोपऱ्यांवर मदतीसाठी निळ्या दिव्यांचे फोन आहेत. ही नावे आणि चेहरे आठवत असताना "काही काळजी करू नका" हे वाक्य मला पूर्ण करता येत नाही. असे प्रसंग हजारो विद्यार्थ्यांमध्ये विरळ आहेत, हे मी सांगते. पण त्याबरोबर हेही सांगते की धोका फक्त पत्त्यावर ठरत नाही, तो कामाच्या वेळेवरही ठरतो. फी भरण्यासाठी रात्रपाळीला पंपावर किंवा दुकानात गल्ल्यामागे उभा राहणारा मुलगा आणि ग्रंथालयातून दहा वाजता वसतिगृहात परतणारा मुलगा एकाच वर्गात बसत असले तरी त्यांची रात्र सारखी नसते.

म्हणून फोनवर आता मी "सुरक्षित आहे" किंवा "नाही" असे उत्तर देत नाही. उलट विचारते. घर कोणत्या स्थानकाजवळ पाहिले आहे, स्थानकापासून दारापर्यंत किती चालावे लागते, शेवटचा तास किती वाजता सुटतो, विद्यापीठाची रात्रीची गाडी त्या रस्त्यापर्यंत येते का. भाडे वाचवण्यासाठी फार लांबचे घर घेत असतील तर पैशांचा हिशेब पुन्हा करायला सांगते. रात्रीची नोकरी अपरिहार्य असेल तर ती विद्यापीठाच्या आवारातच शोधावी, पगार कमी असला तरी, असा आग्रह धरते. गाडीत दाराजवळ फोन हातात घेऊन उभे राहू नये, कारण दार मिटता मिटता तो हिसकावला जातो. रात्री चालकाच्या डब्यात बसावे. कोणी लुटायला आलेच तर पाकीट, फोन, लॅपटॉप, जे मागेल ते देऊन टाकावे आणि वाद घालू नये. कारण समोरच्याच्या खिशात बंदूक असू शकते.

मुलगा किंवा मुलगी स्थिरावली की मी त्यांना एखाद्या रविवारी सकाळी गारफिल्ड पार्कला जायला सांगते. तेथे 1908 सालचे काचगृह आहे, जेन्स जेन्सन यांनी आखलेले, आत नेचे आणि ताडमाड आहेत, आणि शहरात राहणाऱ्यांना प्रवेशाला पैसे लागत नाहीत. ग्रीन लाइनच्या स्थानकावर उतरले की ते समोरच दिसते. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना आसपासच्या वस्तीतली कुटुंबे ऊब घ्यायला तेथे येऊन बसतात, आणि शेजारच्या बाकावर जागा असेल तर नव्या माणसाशी आपण होऊन बोलतात.